खर्ज कुठे हरवला होता

मी गाणं शिकवते. पुण्यात, कोथरूडच्या घरात, गेली एकतीस वर्षं. शिकवण्याइतकंच ऐकवणंही महत्त्वाचं, असं माझे गुरुजी म्हणायचे, म्हणून आमच्या हॉलमध्ये तानपुऱ्यांच्या शेजारी एक रेकॉर्ड प्लेयर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन उभे स्पीकर कायम मांडलेले असतात. रेकॉर्ड बाबांच्या. वर्गातली मुलं मोठी होतात, कमावू लागतात, घरात म्युझिक सिस्टीम घेतात आणि मग हमखास एक प्रश्न विचारतात : "ताई, वायरने खरंच फरक पडतो का हो?" एका वाक्यात उत्तर देणं मला कधीच जमलं नाही. त्या प्रश्नापायी मी अठरा हजार रुपये आणि बरीच वर्षं घालवली आहेत. त्यातून जे हाती लागलं ते इथे एकदाचं मांडते.

१. फरक ऐकू येणं वेगळं, त्याचं कारण कळणं वेगळं

उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची रेकॉर्ड बाबांची सर्वांत लाडकी. मारव्यात षड्ज लपवून ठेवायचा असतो. गायक त्याच्याभोवती फिरत राहतो, पण टेकत नाही. अशा वेळी मागे तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, भक्कम लागतो, नाहीतर सगळी इमारत अधांतरी वाटते. आणि खाँसाहेब तर मंद्रात रमणारे. ही रेकॉर्ड मी शेकडो वेळा ऐकली असेन.

एका दिवाळीनंतर मला ती पोकळ वाटायला लागली. आवाज नेमका कुठून येतो ते कळेना. तो समोर मधोमध बसायच्या ऐवजी खोलीभर पसरल्यासारखा, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा वाटे. खर्ज तर गेलाच होता. मी सुई बदलली, कान तपासून घेतले, रेकॉर्ड झिजली अशी समजूत घालून घेतली. दोन वर्षं अशीच गेली.

मग एका दुकानात चांगले स्पीकर ऐकायला गेले असताना तिथल्या माणसाने सांगितलं, "मॅडम, स्पीकर बदलू नका, केबल बदला." तीन-तीन मीटरच्या दोन केबल, किंमत अठरा हजार. दुकानातला मुलगा घरी येऊन जोडून गेला. त्या संध्याकाळी मी मारवा लावला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खाँसाहेब समोर मधोमध बसले होते आणि खाली खर्ज होता, माहेरच्या ओसरीवर ऐकू यायचा तसा.

पुढची सहा वर्षं मी ज्याला-त्याला सांगत होते की वायरने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी खोटं बोलत नव्हते. फरक पडला होता, आणि तो कोणालाही ऐकू आला असता. पण तो वायरीने पडला नव्हता.

कारण सापडलं ते पुतण्यामुळे. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. माळ्यावरची जुनी वायर त्याने खाली काढली आणि म्हणाला, "काकू, ही परत लावून बघू." त्याने जोडली, मी ऐकलं, आणि खर्ज जागच्या जागी. मी थक्क झाले. त्याने वायर हातात धरून दाखवली. राखाडी रंगाची जोडवायर, दोन्ही धागे सारखेच, फक्त एका धाग्याच्या कडेला हाताला जाणवेल न जाणवेल अशी उभी रेघ. "ही रेघ कुठल्या टोकाला जोडली होती तुम्ही?"

त्या दिवाळीत घराला रंग दिला होता. रंगाऱ्यांनी स्पीकर सरकवले होते, वायरी सुटल्या होत्या, आणि नंतर त्या मीच जोडल्या होत्या. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली होती. एकाचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. खालचे सूर अशा वेळी एकमेकांना खाऊन टाकतात. ती रेकॉर्ड मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज निघणार, त्यामुळे नुकसान सर्वांत जास्त तिचंच. दुकानातल्या मुलाने नवी केबल लावताना लाल ते लाल आणि काळं ते काळं नीट जोडलं, आणि खर्ज परत आला. श्रेय मात्र मी केबलला दिलं.

२. आधी लाल-काळं तपासा

याला पैसे लागत नाहीत. वायर बदलायच्या आधी, स्पीकर बदलायच्या आधी, प्रत्येक जोड डोळ्यांनी बघा. वायर भिंतीतून गेली असेल आणि धागे ओळखू येत नसतील तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. वायरीची दोन्ही टोकं अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडवा आणि क्षणभरच सेलला टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेला धागा लाल. आत गेला तर उलट. जाळी काढून बघायला कोणीतरी स्पीकरपाशी उभं हवं, एवढंच.

सेलही नको असेल तर मोनो रेकॉर्ड लावून दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसा. गायक समोर एका जागी बसलेला वाटला पाहिजे.

३. परीक्षा डोळे झाकून द्यावी

राखाडी वायर नीट जोडल्यावरही माझं मन मानेना. खर्ज आला हे खरं, पण अठरा हजारांच्या केबलमध्ये काहीतरी जास्त होतं, तारसप्तकात एक झळाळी होती, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. मी स्वरांवर जगणारी बाई. तानपुरा लावताना तारेखालचा सुती धागा केसभर सरकला तरी मला कळतं, खर्जाच्या तारेतून उमटणारा गांधार मला स्वच्छ ऐकू येतो. मग हे कसं चुकेल?

पुतण्याने वाद घातला नाही. त्याने स्पीकरांच्या आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला एक जुनी चादर लावली आणि मला पाठ करून बसवलं. त्याने रुपया उडवायचा. छापा पडला तर महाग केबल, काटा पडला तर राखाडी. जोडणी तीच राहिली तरी सोडून परत जोडायची, म्हणजे खुडबुडीच्या आवाजावरूनही अंदाज येऊ नये. मग तेच दीड मिनिट वाजवायचं आणि मी वहीत लिहायचं : महाग की साधी. असं सोळा वेळा. ह्यांनी प्रत्येक वेळी चहाची वाट बघत निमूटपणे आकडे मांडले.

सोळापैकी नऊ बरोबर आले. नुसता अंदाज ठोकला असता तरी आठ आले असते. पुतण्या म्हणाला, निदान बारा आले असते तर मी मानलं असतं, कारण बारा किंवा जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता शंभरात चारच्याही आत असते.

ती रात्र मला जड गेली. इतक्या वर्षांच्या तालमीचा कान खोटा ठरला असं वाटलं. पण परीक्षेत एक गोष्ट मला आतून जाणवली होती, ती सांगितली पाहिजे. पहिल्या चार-पाच वेळा मी खात्रीने उत्तरं लिहिली होती. ही महाग, झळाळी स्पष्ट आहे, असं. ती झळाळी मला खरोखर ऐकू येत होती. राखाडी वायर लावलेली असतानाही.

मागाहून पुतण्याने मला थोडा इतिहास सांगितला. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतसुद्धा लोक स्पीकरला टेबललॅम्पची साधी वायर लावत. १९७९ मध्ये नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि स्पीकरची वायर ही वेगळी, महाग विकायची वस्तू झाली. १९८३ मध्ये तिथल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने श्रोत्यांना न सांगता वायरी बदलून परीक्षा घेतल्या. लॅम्पची जाड वायर आणि मॉन्स्टरची केबल यांतला फरक संगीतावर सांगता येत नाही, पण स्पीकरबरोबर फुकट मिळते तसली अगदी बारीक वायर या दोन्हींहून कमी पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे माझ्या हॉलमध्ये चादरीआड जे घडलं, ते खूप आधी कुणीतरी नीट करून लिहून ठेवलं होतं.

४. किंचित मोठा आवाज चांगला वाटतो

आठवड्याने पुतण्याने दुसरी परीक्षा घेतली. मला सांगितलं की वायरी बदलतोय. प्रत्यक्षात वायर एकच ठेवली आणि काही वेळा अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज फक्त एक डेसिबल वाढवला. मी काय लिहिलं? "मोकळा." "जवळचा." "तानपुरा उघडला." एकदाही "मोठा" असं लिहिलं नाही. पण सोळापैकी चौदा वेळा ते वाढलेले तुकडे मी अचूक वेगळे काढले होते.

त्या दिवशी मला माझा कान परत मिळाला. तो तीक्ष्णच आहे. इतका, की एवढासा फरकही पकडतो, फक्त त्याला नाव चुकीचं देतो. यामागे कानाची घडण आहे. आवाज हळू असला की माणसाला खालचे सूर त्या प्रमाणात आणखी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढले. म्हणून आवाज जरासा वाढला की खर्ज भरतो आणि सगळं गाणं जिवंत वाटतं. दुकानात दोन वस्तू शेजारी ठेवून ऐकवतात तेव्हा दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला आहे का, हे विचारायला मी तेव्हापासून संकोचत नाही.

५. जाडी आणि लांबी यांचा हिशेब करा

इथे वायरीने खरंच फरक पडतो, आणि हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. वायर जितकी बारीक आणि लांब, तितका तिचा विरोध जास्त. स्पीकर बहुधा आठ ओहमचा असतो. जाण्या-येण्याच्या दोन्ही धाग्यांचा मिळून विरोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.४ ओहमच्या आत ठेवायचा. मग वायरीचा प्रश्न संपतो.

माझ्या मैत्रिणीच्या वर्गाचा हॉल मोठा. डावा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून तीन मीटरवर, उजव्याची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून बारा मीटर. वायर अर्ध्या एमएमची, म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची, लाल-काळी, कुठल्याही दुकानात मिळते ती. बारा मीटरच्या वायरीत जाण्या-येण्याचे चोवीस मीटर झाले आणि विरोध सुमारे ०.९ ओहम. उजवा स्पीकर डाव्यापेक्षा अर्ध्या डेसिबलहून थोडा जास्त हळू झाला होता, आणि तिचे विद्यार्थी म्हणत होते की गाणं डावीकडे झुकतं. शिवाय स्पीकरचा विरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, त्यामुळे बारीक वायर काही सूर जास्त दाबते, काही कमी. तिथे आम्ही अडीच एमएमची वायर टाकली. तेवढ्याच लांबीला विरोध ०.२ ओहमच्या आत आला. ती वायर म्हणजे घराच्या वायरिंगची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर. मैत्रिणीच्या भावाकडे फ्लॅटचं काम झाल्यावर उरलेलं अर्धं बंडल पडलं होतं, त्यातून काम झालं.

मी मुलांना सांगते ते आकडे असे : आठ ओहमच्या स्पीकरला एक एमएम वायर दहा मीटरपर्यंत, दीड एमएम पंधरापर्यंत, अडीच एमएम पंचवीसपर्यंत. चार ओहमचा स्पीकर असेल तर या लांब्या निम्म्या करा. आपल्या फ्लॅटमध्ये पंचवीस मीटर वायर न्यायची वेळ कोणावर येते?

दोन्ही बाजूंची लांबी अगदी सारखी हवी, असा आग्रह धरणारेही भेटतात. नऊ मीटरच्या फरकाने विजेला जो उशीर होतो तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही. जाडी पुरेशी असेल तर लांबी सारखी नसली तरी चालते.

चांदीच्या तारेचं विचाराल, तर चांदी तांब्यापेक्षा सहा-एक टक्क्यांनी चांगली वाहक आहे. तेवढं तांबं थोडं जाड घेतलं की भरून निघतं.

६. तांबं आहे का ते खरवडून बघा

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावाने मिळते. अ‍ॅल्युमिनियमचा विरोध दीडपटीहून जास्त, म्हणजे वरचा सगळा हिशेब कोसळतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला हे शिकवलं. "ताई, पातं घ्या आणि एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत द्या." वजनावरूनही कळतं, हाताला हलकी लागते. उलट कथिल चढवलेलं तांबं वरून पांढरं आणि आतून तांबडं असतं. ते चांगलं, दमट हवेत जास्त टिकतं.

७. बिघाड बहुतेक जोडात असतो

माहेर गुहागरचं. तिथे बाबांचा जुना संच भावाकडे आहे. दर श्रावणात त्याचा एक स्पीकर कधी बोलायचा, कधी गप्प. भावाने दोन वेळा वायर बदलली. मी गेले तेव्हा जोडावरची वायर ओढून काढली. टोक हिरवट काळं पडलेलं. समुद्राकाठची हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि वर्षानुवर्षं न उघडलेला स्क्रू. टोकाचा इंचभर तुकडा कापून टाकला, नवं तांबं सोललं, घट्ट पीळ दिला आणि जोड आवळला. स्पीकर बोलायला लागला. आतली बाकीची वायर झळझळीत होती.

आता माझा नेम आहे. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्याला, सगळे जोड सोडवून पुसायचे. आरसीए पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसते आणि घट्ट बसतात का बघते. सैल बसणाऱ्या पिनेची बाहेरची कड हलकेच आत दाबली की पकड येते. वायरीचे सुटे केस एका जोडातून निघून शेजारच्याला टेकणार नाहीत हेही बघायचं, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. तपकीर गल्लीतल्या काकांकडे एकदा माझी खरखरणारी केबल नेली होती. त्यांनी पिन उघडून दाखवली तर डाख कोरडा पडून तार नुसती टेकून होती. पाच मिनिटांत त्यांनी नवा डाख दिला. ती केबल अजून चालते आहे.

सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांबद्दल माझं मत चांगलं आहे. सोनं गंजत नाही, आपल्या हवेत त्याचा उपयोग होतो. पण आवाज सोनेरी होतो असं कोणी म्हणालं तर मी ते मानणार नाही.

८. रेकॉर्ड प्लेयरची वायर वेगळी

इतकं सगळं झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले होते. वायर म्हणजे वायर, असं म्हणू लागले होते. मग दिरांनी मला तीन मीटरची जाड, सुबक केबल भेट दिली, म्हणजे प्लेयर अ‍ॅम्प्लिफायरपासून लांब खिडकीपाशी ठेवता येईल. ती लावली आणि प्रत्येक 'स' आणि 'श' कानात टोचू लागला. तबल्याची चाट पत्र्यावर मारल्यासारखी. या वेळी मी लगेच विश्वास ठेवला नाही. चादर लावली, पुतण्याला बोलावलं. सोळापैकी सोळा.

कारण असं. रेकॉर्डच्या सुईमागच्या कार्ट्रिजमधून येणारा इशारा फारच नाजूक, पाच-एक मिलिव्होल्टचा. सीडी प्लेयर दोन व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट. नुसतं नाजूक असण्याने बिघडत नाही. माझ्यासारख्या मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमध्ये बारीक तारेचं मोठं वेटोळं असतं आणि प्रत्येक केबलमध्ये थोडीशी विद्युतधारिता असते, मीटरला साधारण शंभर पिकोफॅरॅड किंवा जास्त. हे वेटोळं आणि ती धारिता मिळून एका ठरावीक सुराला झोका देतात, सतारीच्या तरफेसारखा. केबल आखूड असेल तर तो झोका सोळा किलोहर्ट्झच्या आसपास बसतो, जिथे गाण्यातलं फारसं काही नसतं. लांब, जास्त धारितेची केबल लावली की तो दहाच्या जवळ उतरतो, म्हणजे थेट सकाराच्या अंगणात. त्याच्या वरचं सगळं मग झपाट्याने मावळतं.

कार्ट्रिजच्या कागदावर किती पिकोफॅरॅड चालतील ते छापलेलं असतं. ते वाचावं, केबल सव्वा मीटरच्या आसपास ठेवावी. प्लेयर खिडकीपाशी न्यायचा हट्ट मी सोडला. दिरांची केबल सीडी प्लेयरला लावली, तिथे ती निर्दोष आहे, कारण तिथल्या इशाऱ्याला एवढ्या धारितेचं काहीच वाटत नाही.

९. गुणगुण लागली तर महाग केबल घेऊ नका

आपल्या विजेची वारंवारता पन्नास हर्ट्झ. तिची गुणगुण पन्नासवर आणि शंभरवर ऐकू येते. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज एकोणसत्तरच्या जवळ असतो, म्हणजे शंभर हर्ट्झ हा सूर तीव्र मध्यमाच्या जरा वर आणि पंचमाच्या खाली पडतो. कुठल्याच स्वरावर नाही. इतरांना ती नुसती घरघर वाटत असेल, पण माझ्या दृष्टीने ते सततचं बेसूर होतं, आणि ते घालवायला मी पुन्हा एकदा महाग केबल आणायला निघाले होते.

पुतण्याने फोनवर सांगितलं, "एकेक वस्तू सोडवत जा." सोडवत गेले. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्समध्ये बाहेरून येणारी गोल केबल काढली आणि घरघर थांबली. गच्चीवरून येणाऱ्या त्या केबलचं अर्थिंग एका ठिकाणी, घराच्या सॉकेटचं दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींच्या मधलं वर्तुळ माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून पूर्ण होत होतं. त्या केबलवर एक छोटा आयसोलेटर बसवला, सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतली, काम झालं.

काही जण अशा वेळी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. घरघर थांबतेही. तसं कधीही करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

१०. डिजिटल केबल

एचडीएमआय किंवा ऑप्टिकल केबलमधून आकडे जातात. सीडीचे सेकंदाला चौदा लाख. ते पोचतात किंवा पोचत नाहीत. पोचले नाहीत तर आवाज तुटतो, टीव्हीच्या पडद्यावर ठिपके चमकतात. गांधार मऊ होणं किंवा खर्ज भरदार होणं, असलं काही या केबलला जमत नाही. लांब अंतरावर मोठं चित्र न्यायचं असेल तर त्या वेगाचं प्रमाणपत्र असलेली घ्या, बाकी साधी घ्या.

११. उरलेले पैसे खोलीला द्या

दोन्ही वायरींना खर्ज सारखाच होता, पण शेजारच्या खुर्चीत बसल्यावर तो जास्त भरायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आमचा हॉल सोळा फूट लांब. अशा खोलीत सत्तर हर्ट्झच्या जवळ आवाजाच्या लाटा भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. भिंतीपासून चार फुटांवर त्यांचं पाणी जवळजवळ शांत असतं. माझी सोफाखुर्ची बरोबर तिथे होती. म्हणजे काळी एकचा खर्ज खोलीत होता, फक्त मी बसायची तिथे पुरता पोचत नव्हता.

खुर्ची दोन फूट मागे नेली. स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढून भिंतीपासून हातभर पुढे घेतले. समोरच्या काचेवर जाड पडदा, फरशीवर सोलापूरची मोठी सतरंजी आणि मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी. या बदलांसाठी मला चादर लावून परीक्षा द्यावी लागली नाही. हे स्वयंपाकघरातून म्हणाले, "आज काहीतरी वेगळं वाजतंय."

अठरा हजारांची केबल अजून लावलेलीच आहे. ती वाईट नाही. राखाडी वायर मी एका विद्यार्थिनीला दिली, ती तिच्या खोलीत तिच्या पहिल्यावहिल्या स्पीकरांना जोडलेली आहे. देताना रेघेच्या धाग्याला दोन्ही टोकांशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला.

यंदा पाडव्याआधी पुन्हा रंगाचं काम काढलं. रंगारी येण्याच्या आदल्या रात्री मी आमच्या प्रत्येक जोडावर चिठ्ठी बांधली, फोनवर मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला. काम संपल्यावर स्पीकर सतरंजीवरच्या खुणांवर परत ठेवले, लाल लालला जोडलं, जोड आवळले, आणि मारवा लावला. खोलीत नव्या रंगाचा वास होता. मी मधोमध बसले आणि आधी खर्ज लागतो का ते ऐकलं.